शिकागो कब्स: नव्या प्रेक्षकाने सुरुवात कुठून करावी

शिकागोत नोकरीला आलात की पहिल्याच उन्हाळ्यात ऑफिसातलं कुणीतरी विचारतं, "कब्सच्या मॅचला येणार का?" कब्स म्हणजे शिकागोचा बेसबॉल संघ, आणि आपण क्रिकेटवर पोसलेली माणसं. हो म्हणतो, निळी टोपी विकत घेतो, तीन तास ऊन खातो आणि नक्की काय झालं ते न कळताच घरी येतो. असं होऊ नये म्हणून हा लेख. नेपरव्हिल, ऑरोरा, शॉमबर्गकडची मराठी घरं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय. पुण्या-नाशकात बसून मॅच लावणाऱ्यांसाठीही शेवटी थोडं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कब्स कळायला हवे असतील तर आधी त्यांचं मैदान, रिग्ली फील्ड, कळलं पाहिजे. हा संघ इतकी वर्षं हरत राहिला त्यात या मैदानाचा हात आहे, आणि हरूनही लोकांनी त्याला सोडलं नाही तेही या मैदानामुळेच. बोकडाच्या शापाची गोष्ट तुम्हाला पहिल्याच दिवशी ऐकवली जाईल. ऐका, हसा, पण मनावर घेऊ नका.

आधी खेळ, जेवढा लागतो तेवढाच

एकूण नऊ डाव. प्रत्येक डावात पाहुणे आधी बॅटिंग करतात, मग यजमान. तीन बाद झाले की बाजू पालटते. पिचर म्हणजे इथला गोलंदाज, त्याचा चेंडू टप्पा न घेता येतो. तो बॅटरजवळच्या होम प्लेट या पाटीवरून, बॅटरच्या गुडघ्यापासून साधारण छातीपर्यंतच्या चौकटीतून गेला आणि बॅटरने सोडला, तर स्ट्राइक. बॅट फिरवून हुकला तरी स्ट्राइक. चौकटीबाहेरचा सोडला, तर बॉल. तीन स्ट्राइक झाले की बाद, चार बॉल झाले की पहिला बेस फुकट. बेस म्हणजे पळताना गाठायचे तीन थांबे; ते ओलांडून होम प्लेटला परतलं की एक धाव.

क्रिकेटवाल्यांची गफलत दोन ठिकाणी होते. मागे किंवा बाजूला मारलेला फटका इथे फुकट जातो. चेंडू पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या रेषांच्या आतच हवा, बाहेर गेला तर फाउल. दोन स्ट्राइक होईपर्यंत फाउल स्ट्राइक म्हणून मोजतात, त्यानंतरचे मोजत नाहीत. आणि फटका रेषांच्या आत पडला की पळावंच लागतं, उभं राहून पुढच्या चेंडूची वाट बघायची सोय नाही. म्हणूनच दहा वेळांत तीनदा हिट मारणारा, म्हणजे फटक्यावर बेस गाठणारा, इथे उत्तम बॅटर समजतात. सात वेळा अपयशी ठरलेल्या माणसासाठी टाळ्या वाजवायची सवय व्हायला थोडा वेळ लागतो.

२०२३ पासून पिचरवर घड्याळ आलंय. बेसवर कुणी नसेल तर १५ सेकंदांत चेंडू टाकावा लागतो. त्यामुळे मॅच आता साधारण दोन तास चाळीस मिनिटांत उरकते. पूर्वी तीन तासांच्या वर लागायचे.

तारीख आणि तिकीट

तिकिटाचा भाव ठरलेला नसतो, मागणीप्रमाणे रोज हलतो. एप्रिलमधल्या मंगळवार-बुधवारची तिकिटं स्वस्त असतात, आणि ती का स्वस्त असतात ते दुसऱ्या डावात कळतं: मिशिगन तळ्यावरचा वारा हाडं गोठवतो. शाळा सुटल्या की भाव चढतात. सेंट लुई कार्डिनल्स, मिल्वॉकी ब्रुअर्स आणि शहराच्या दक्षिण भागातला व्हाइट सॉक्स हे पाहुणे असतील तर आणखी चढतात. पहिल्या खेपेला माझी शिफारस: जूनच्या सुरुवातीची, आठवड्याच्या मधली, दुपारची मॅच. रिग्ली हे दिवसाचं मैदान आहे, त्याची मजा उन्हातच.

जागा निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. १९१४ ची इमारत आहे, वरचा मजला लोखंडी खांबांवर उभा आहे, आणि ते खांब प्रेक्षकांच्या मधोमध येतात. २०० च्या घरातले विभाग स्वस्त दिसतात. पण तिथल्या मागच्या रांगांत एक तर खांब आडवा येतो, नाहीतर डोक्यावरच्या मजल्यामुळे उंच उडालेला चेंडू मध्येच दिसेनासा होतो. त्याच पैशात वरच्या मजल्यावर, ३०० च्या विभागात, होम प्लेटच्या मागे बसा. अख्खं मैदान खाली पसरलेलं दिसतं, पलीकडे तळ्याची निळी पट्टीही. ऊन सोसत नसेल तर तिसऱ्या बेसच्या बाजूला बसा, तिकडे सावली आधी येते.

आउटफिल्डच्या, म्हणजे बेसच्या पलीकडच्या लांबच्या मैदानाच्या, मागच्या बाकांना ब्लीचर्स म्हणतात. तिथे जागेला नंबर नाही, लवकर येईल तो पुढे बसेल. बियर भरपूर, टोमणे भरपूर. पाहुण्या संघाचा होमरन, म्हणजे थेट कुंपणापलीकडे मारलेला चेंडू, तुमच्या हातात आला तर तो परत मैदानात फेकायचा, अशी इथली रीत आहे. नाही फेकलात तर आजूबाजूचे फेकायला लावतील. लहान मुलं बरोबर असतील तर हे पुढच्या वर्षावर ढकला.

तिकीट फोनवरच्या बॉलपार्क ॲपमध्ये येतं. घरून निघतानाच ते उघडून ठेवा. गेटवर चाळीस हजार माणसं एकदम नेटवर्क शोधत असतात. आत रोख चालत नाही, कार्डच लागतं.

पोचायचं कसं

गाडी नेऊ नका. मैदान वस्तीच्या मध्ये आहे, क्लार्क, ॲडिसन, शेफील्ड आणि वेव्हलँड या चार रस्त्यांच्या चौकटीत, आणि स्टेडियमला शोभेल असं पार्किंग तिथे नाहीच. लोक आपल्या घरामागची जागा मॅचच्या दिवशी भाड्याने देतात, भाव ऐकून परत फिराल. नेपरव्हिल-ऑरोराकडून बीएनएसएफ मार्गाची मेट्रा (उपनगरी रेल्वे) पकडून युनियन स्टेशन, तिथून पूर्वेला चालत शहरातल्या लोकलची रेड लाइन, आणि ॲडिसनला उतरायचं. स्टेशनातून बाहेर पडलात की मैदान समोरच. ओहेअर विमानतळाकडून ब्लू लाइनने येत असाल तर त्या मार्गावरच्या ॲडिसन स्टेशनला उतरून १५२ नंबरची बस घ्या, शहरात खाली जाऊन परत वर यायचा फेरा वाचतो. एकाच शहरात दोन ॲडिसन स्टेशनं का, हे मला विचारू नका. रात्रीची मॅच असेल तर परतीच्या मेट्राची वेळ आधी बघून ठेवा. मॅच लांबली तरी मेट्रा थांबत नाही.

खाणं

शिकागोचा हॉट डॉग म्हणजे गोमांस, आणि इटालियन बीफ तर नावातच सांगतं. न खाणाऱ्यांनी काउंटरवर विचारायला लाजू नये. शाकाहाऱ्यांना पॉपकॉर्न, शेंगदाणे, प्रेटझेल, नाचोज, पिझ्झा यावर निभावता येतं, पण खिशाला चाट बसते. आपल्यापुरता डबा आत नेऊ देतात, ही रिग्लीची चांगली गोष्ट. पोळी-भाजीचे रोल करून न्या. पिशवीचा आकार आणि पाण्याच्या बाटलीचे नियम हंगामागणिक बदलतात, ते मात्र आदल्या दिवशी संघाच्या संकेतस्थळावर तपासा.

जागेवर बसल्यावर काय बघायचं

सगळ्यात आधी झेंडे, तेही वाऱ्यासाठी. मिशिगन तळं इथून जेमतेम मैलभर. वसंतात वारा तळ्यावरून आत येतो आणि होमरन वाटणारे फटके कुंपणाच्या अलीकडेच आउटफिल्डरच्या हातात विसावतात. उन्हाळ्यात नैऋत्येचा गरम वारा बाहेर वाहायला लागला की साधा उंच झेलही रस्त्यावर जाऊन पडतो. १७ मे १९७९ ला असाच वारा होता. फिलाडेल्फियाने कब्सना २३-२२ ने हरवलं. हा फुटबॉलचा नव्हे, बेसबॉलचा स्कोर आहे. शिकागोचा जुना प्रेक्षक पिचर कोण हे नंतर विचारतो, आधी झेंडे कुठे फडकताहेत ते बघतो.

मग मधल्या आउटफिल्डच्या डोक्यावरचा हिरवा स्कोरबोर्ड. १९३७ चा आहे आणि आजही हाताने चालतो. आत माणसं बसलेली असतात. दुसऱ्या शहरांत चाललेल्या मॅचचे आकडे कळले की लोखंडी पाट्या बदलतात. नीट पाहिलंत तर पाटी काढल्यावर त्या चौकोनातून क्षणभर एखादा चेहरा डोकावतो. आजवर एकाही बॅटरचा चेंडू या स्कोरबोर्डला लागलेला नाही. सॅम स्नीड या गोल्फपटूने मात्र होम प्लेटवरून गोल्फचा चेंडू मारून तो टिपला होता.

स्कोरबोर्डच्या वर नॅशनल लीगच्या (मेजर लीग बेसबॉलच्या दोन लीगांपैकी कब्सची) संघांचे झेंडे असतात. ते शोभेचे नाहीत. प्रत्येक गटातले संघ गुणतक्त्यात ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने ते वरून खाली लावलेले असतात. कब्सचा झेंडा कुठे आहे ते बघा. हंगाम कसा चाललाय ते फोन न काढता कळतं. मॅच संपल्यावर आणखी एक झेंडा चढतो: जिंकले तर पांढऱ्यावर निळा डब्ल्यू, हरले तर निळ्यावर पांढरा एल. जुन्या काळी रेल्वेतून घरी जाणाऱ्यांना निकाल कळावा म्हणून ही सोय होती.

आउटफिल्डची भिंत विटांची, आणि तिच्यावर वेल. तीही १९३७ चीच लागवड. एप्रिलमध्ये नुसत्या काटक्या दिसतात, जूनपर्यंत हिरवीगार होते. चेंडू वेलीत अडकला तर आउटफिल्डरने शोधाशोध न करता दोन्ही हात वर करायचे. पंच दोन बेस देतात. हात खाली घालून चाचपत बसला तर मात्र खेळ चालूच राहतो आणि पळणारा पळत सुटतो. वेलीमागे मऊ गादी वगैरे काही नाही, सरळ वीट आहे. जोरात धावत येणारा आउटफिल्डर शेवटच्या दोन पावलांत का कचरतो ते यावरून समजा.

आणि एक स्कोरकार्ड व पेन्सिल घ्याच. खेळाडूंना जागेनुसार नंबर असतात: पिचर १, कॅचर (बॅटरमागचा) २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला) ६, मग डावीकडून उजवीकडे आउटफिल्ड ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसला दिला, तिथून पहिल्याला गेला आणि दोघे बाद झाले, तर कार्डावर लिहायचं ६-४-३. स्ट्राइकवर बाद झाला तर के. बॅट न हलवताच बाद झाला तर उलटा के. दोन-तीन डाव लिहिलेत की खेळ आपोआप उलगडायला लागतो. कब्सचं ६-४-३ तर ऐतिहासिक. १९०६ ते १९१० च्या सोनेरी वर्षांत शॉर्टस्टॉपला टिंकर, दुसऱ्या बेसवर एव्हर्स आणि पहिल्यावर चान्स. तिघेही १९४६ ला एकदमच हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या यादीत, गेले.

सातव्या डावाच्या मध्यावर सगळे उठून गाणं म्हणतात. तुम्हीही उठा. शब्द पडद्यावर येतात.

एकशे आठ वर्षं

संघ फार जुना. १८७६ ला नॅशनल लीग सुरू झाली तेव्हापासून तिच्यात आहे, तेव्हा नाव होतं व्हाइट स्टॉकिंग्ज. त्याआधी १८७१ च्या शहर जाळणाऱ्या आगीत त्यांचं मैदानच गेलं आणि दोन हंगाम खेळच बंद राहिला. कब्स हे नाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळलं. १९०६ ला त्यांनी ११६ मॅच जिंकल्या आणि वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांच्या अंतिम मालिकेत, गावातल्याच व्हाइट सॉक्सकडून हरले. १९०७ आणि १९०८ ला मात्र जिंकले. त्यानंतर थेट २०१६.

मधल्या काळाचं खापर बोकडावर फोडतात. १९४५ च्या वर्ल्ड सीरिजला बिली सियानिस नावाचा खानावळवाला आपला बोकड घेऊन आला, बोकडाला वास येतो म्हणून बाहेर काढलं, त्याने शाप दिला. गोष्ट झकास आहे, आणि त्याच्या खानावळीचा धंदा आजही तिच्यावर चालतो. पण कारभार बघितलात तर शापाची गरजच उरत नाही.

मालक होते च्युइंगगमवाले रिग्ली. फिलिप रिग्लींनी संघापेक्षा मैदानाची जाहिरात केली: या, ऊन खा, वेल बघा, मुलांना आणा. मैदान खरंच सुंदर होतं, लोक यायचे, आणि जिंकण्याची घाई कुणालाच नव्हती. १९४७ ते १९६२ या सोळा वर्षांत एकाही हंगामात जिंकलेल्या मॅच हरलेल्यांपेक्षा जास्त नाहीत. १९६१ ला त्यांनी मॅनेजर नेमायचंच सोडलं आणि प्रशिक्षकांची टोळी आळीपाळीने संघ चालवू लागली. पुढच्या वर्षी १०३ मॅच हरले. १९६४ च्या जूनमध्ये लू ब्रॉक नावाचा तरुण आउटफिल्डर कार्डिनल्सना देऊन अर्नी ब्रॉलियो हा पिचर घेतला. ब्रॉक त्याच वर्षी कार्डिनल्सकडून वर्ल्ड सीरिज जिंकला आणि पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. ब्रॉलियोने कब्ससाठी एकूण सात मॅच जिंकल्या. यात बोकडाचा काय दोष?

दिव्यांचीही हीच कथा. १९४१ ला दिवे आणून ठेवले होते, पर्ल हार्बर झालं म्हणून ते युद्धकार्याला दिले, आणि मग मालकांनी विषयच बंद केला. बाकी सगळे संघ रात्री खेळायला लागून कित्येक दशकं उलटली तरी रिग्लीवर अंधार. शेवटी ८ ऑगस्ट १९८८ ला दिवे लागले, चौथ्या डावात पावसाने मॅच रद्द झाली, आणि पहिली अधिकृत रात्रीची मॅच दुसऱ्या दिवशी झाली.

या सगळ्यात अर्नी बँक्स खेळत होता. १९५३ ला आलेला, कब्सचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. ५१२ होमरन, १९५८ आणि १९५९ ला लागोपाठ लीगचा सर्वोत्तम खेळाडू, आणि एकोणीस हंगामांत एकदाही हंगामोत्तर मॅच नशिबी नाही. १९६९ ला जवळ आले होते. ऑगस्टमध्ये आघाडी होती, सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क मेट्सनी ती धुळीला मिळवली. बाहेर बँक्सचा पुतळा आहे. आत जाण्याआधी तिथे थांबा.

बदल घडला तो कारभार बदलल्यावर. २००९ ला रिकेट्स कुटुंबाने संघ घेतला, २०११ च्या अखेरीस संघाचा कारभार बघायला थिओ एपस्टाइन आले. त्यांनी आधी मुद्दाम पडती घेतली: २०१२ ला १०१ पराभव. त्या पडझडीतून रिझो, ब्रायंट, अरिएटा हे खेळाडू जमवले, मग लेस्टर या पिचरला पैसे मोजले. २०१६ ला १०३ विजय, आणि क्लीव्हलँडविरुद्धच्या वर्ल्ड सीरिजमध्ये १-३ ने मागे पडून सातवी मॅच. आठव्या डावात रजाय डेव्हिसच्या होमरनने बरोबरी झाली, नऊ डावांनंतर १७ मिनिटं पाऊस, दहाव्यात झोब्रिस्टचा फटका, ८-७. शेवटचा चेंडू ब्रायंटने उचलला तेव्हा पाय घसरत होता आणि चेहऱ्यावर हसू होतं. ती क्लिप शोधून बघाच.

यंदा काय, हे कसं ओळखायचं

भाकितं करण्यापेक्षा ओळखायची रीत सांगतो. हंगाम १६२ मॅचचा, मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर. कब्सच्या गटात ब्रुअर्स, कार्डिनल्स, रेड्स आणि पायरेट्स. २०२२ पासून प्रत्येक लीगमधून सहा संघ पुढे जातात: तीन गटविजेते आणि उरलेल्यांतले तीन. पहिले दोन गटविजेते पहिली फेरी न खेळताच पुढे जातात, म्हणून गट जिंकायला एवढी किंमत.

किती विजय पुरतात? दर वर्षी वेगळे. कब्सनी २०२३ आणि २०२४ ला ८३-८३ जिंकल्या आणि दोन्ही वेळा घरी बसले. २०२५ ला रेड्स तेवढ्याच ८३ वर आत गेले. त्यामुळे जूनमध्ये विजय मोजू नका, धावांचा फरक बघा. ढोबळ हिशेब असा: दर दहा धावांच्या फरकाला निम्म्यापेक्षा, म्हणजे ८१ पेक्षा, एक विजय जास्त. २०२३ ला कब्सनी ८१९ धावा केल्या आणि ७२३ दिल्या. म्हणजे नव्वदच्या आसपास विजय हवे होते. कमी पडले ते निसटत्या मॅचमध्ये. असा संघ दिसला की तो गुणतक्त्यात दिसतो त्यापेक्षा बरा आहे असं समजावं.

२०२५ ला हिशेब जुळला. ९२ विजय, पहिल्या फेरीत रिग्लीवर सान दिएगोला २-१ ने हरवलं, पुढच्या फेरीत मिल्वॉकीकडून २-३ ने गेले. मॅनेजर क्रेग काउन्सेल आधी मिल्वॉकीचेच, तिथून उठून नव्वद मैलांवर आलेले. त्यामुळे तिकडे त्यांची हुर्यो ठरलेली. पीट क्रो-आर्मस्ट्राँगने ३१ होमरन आणि ३५ चोरलेले (फटक्याशिवाय पळून घेतलेले) बेस अशी कमाल केली, पण बहुतेक पहिल्या अर्ध्यात. दुसऱ्या अर्ध्यात तोच बाहेरचे चेंडू मारायला जाऊन अडकत राहिला. या संघाच्या पुढच्या काही वर्षांचा कौल माझ्या मते त्याच्या संयमावर आहे. सोडलेल्या चेंडूंकडे लक्ष ठेवा, होमरनकडे नको.

दुसरी नजर पिचरांच्या कोपरांवर. जस्टिन स्टील २०२५ च्या एप्रिलमध्येच शस्त्रक्रियेमुळे बाद झाला, आणि पहिल्याच हंगामात ११ मॅच जिंकलेला केड हॉर्टन बरगडीच्या दुखण्याने ऐन ऑक्टोबरला नव्हता. फील्डिंगची काळजी नाही: मध्यावर हर्नर आणि स्वॉन्सन, मागे क्रो-आर्मस्ट्राँग, तिथून चेंडू निसटत नाही. फलंदाजीत काइल टकर एका हंगामाचा पाहुणा होता. तशी जागा भरायला मालक हात मोकळा सोडतात की नाही, यावर दर हिवाळ्यात इथे वाद रंगतो. मैदान भरतंच, मग खर्च कशाला, हा जुना रिग्ली-मोह अजून पुरता गेलाय असं मला वाटत नाही.

तिसरी नजर जुलैअखेर-ऑगस्टच्या सुरुवातीच्या तारखेवर. तेव्हा अदलाबदलीची मुदत संपते. त्या आठवड्यात संघ खेळाडू विकत घेत असेल तर आशा धरा, विकत असेल तर हंगाम सोडून द्या. २०२१ ला याच मुदतीत रिझो, ब्रायंट आणि बाएझ चोवीस तासांच्या आसपास निघून गेले. गाव रडलं. पण बाएझच्या बदल्यात मेट्सकडून आला तो हाच क्रो-आर्मस्ट्राँग.

भारतातून बघायचं तर

कब्सची दुपारची मॅच बहुधा १:२० ला सुरू होते, म्हणजे आपल्याकडे रात्री ११:५० ला. जेवणं-आवराआवर झाल्यावर तीन-चार डाव आरामात होतात. रात्रीची मॅच सातच्या आसपास, म्हणजे पहाटे साडेपाचच्या सुमारास, चहाबरोबर. एमएलबीच्या स्वतःच्या सेवेवर परदेशातून जवळपास सगळ्या मॅच दिसतात. शिकागोत राहणाऱ्यांना मात्र त्याच सेवेवर कब्सची थेट मॅच स्थानिक हक्कांमुळे बंद असते. त्यासाठी मार्की ही वाहिनी लागते. ती घ्यायची नसेल तर रेडिओ आहे, ६७० एएम. समालोचक प्रत्येक चेंडू सांगतो, त्यामुळे स्कोरकार्ड भरायचा सरावही होतो.